कोल्हापुरात राहून इंजिनिअरिंग की पुण्याला? ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी मदत हवी

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारते आहे. एमएचटी-सीईटीला ९५च्या थोडं पुढे पर्सेंटाइल आहे. घर कोल्हापुरात, प्रवर्ग ईडब्ल्यूएस, उत्पन्न ८ लाखांच्या आत, दाखले काढून झालेत. तिला कॉम्प्युटर हवंय, नाहीच तर आयटी किंवा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम). घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, इथंच जाऊन-येऊन शिकू दे, खर्च वाचेल. वहिनी आणि भाची म्हणतात, पुण्याशिवाय नोकरी नाही. ऑप्शन फॉर्मला (कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम भरायचा तो) पाच दिवस उरलेत. जिव्हाळ्याचे सल्ले घरात उदंड मिळतायत, इथं नियम आणि हिशेब सांगा.

पर्यायक्रम

ताई, कोल्हापूर की पुणे हा वाद फॉर्म लॉक करायच्या आधी मिटवा. नंतर तो तुमच्या हातात राहत नाही. २०२५-२६च्या प्रवेशाला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीज. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतलं काहीही लागलं तर फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतलं. फ्रीज झालेली जागा घ्यायची, नाहीतर कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पुढच्या फेऱ्या विसरायच्या. यंदाच्या माहिती पुस्तिकेत हेच आकडे आहेत का, ते आधी उघडून बघा.

दरवर्षी दिसणाऱ्या दोन चुका सांगतो. पहिली म्हणजे 'हे तर नक्की लागेल' म्हणून जवळचं कॉलेज तिसऱ्या-चौथ्या नंबरला टाकणं. ते लागतं, फ्रीज होतं आणि मग घरात रडारड. पहिल्या सहांत फक्त तेच टाका, जे मिळालं तर दुसऱ्या विचाराशिवाय घेणार आहात. दुसरी चूक उलटी. अवघड कॉलेज वर टाकलं तर 'संधी वाया जाईल' असं वाटून ते गाळलं जातं. वाया काही जात नाही. यादी वरून खाली वाचली जाते आणि गुणवत्ता क्रमांकाला मिळणारा पहिला पर्याय दिला जातो. क्रम इच्छेचा लावा, शक्यतेचा नको. शक्यता यादीच्या लांबीत सांभाळायची.

मागच्या वर्षाचा कटऑफ बघताना रकान्याचं नाव नीट वाचा. जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, जी-ओपन-एस असं असतं. सुरुवातीला जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी. शेवटचं अक्षर खरं महत्त्वाचं: एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत या जागा ७० टक्के एच आणि ३० टक्के ओ अशा वाटलेल्या असतात. त्यामुळे एकाच कॉलेजच्या एकाच ब्रँचचे दोन कटऑफ दिसतात आणि लोक नेमका चुकीचा बघून खूश होतात. ईडब्ल्यूएसचा रकाना वेगळा असतो, पण भाचीचा विचार ओपन, मुलींच्या ओपन आणि ईडब्ल्यूएस अशा तिन्हींत होईल.

तुम्ही एक सांगितलं नाहीत: बारावी कुठून?

हिशेबनीस

खर्चाचं मी मांडतो. आकडे अंदाजाचे आहेत, भागाप्रमाणे वर-खाली करा.

पुण्यात दोघी-तिघींच्या खोलीत एका कॉटचं भाडं ८,००० धरा. सुट्टीतही ते चालूच राहतं, म्हणून गुणिले १२, म्हणजे ९६,०००. इथं १० महिने धरण्याचा घोळ बहुतेक जण करतात. मेस ३,५०० प्रमाणे १० महिने, ३५,०००. बस, नाश्ता, औषधं, झेरॉक्स, रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हाचं जेवण, सगळं मिळून महिना २,५००, म्हणजे २५,०००. झाले १,५६,०००. घरून जाऊन-येऊन केलं तर वर्षाला बस-पेट्रोल १५,००० धरा. फरक साधारण १,४१,०००. चार वर्षांचे ५,६४,०००, आणि दरवर्षी भाडं वाढतं, म्हणून ६ लाख धरून चला. डिपॉझिट वेगळं.

म्हणजे प्रश्न 'पुणे चांगलं का' एवढाच नाही. पुण्यात जे कॉलेज मिळतंय ते कोल्हापुरात मिळणाऱ्या कॉलेजपेक्षा ६ लाखांनी चांगलं आहे का, हा आहे. काही कॉलेजं आहेत तशी. बरीचशी नाहीत.

कर्जाचं थोडक्यात. ४ लाखांपर्यंत बँका स्वतःचा हिस्सा मागत नाहीत, त्यापुढे देशातल्या शिक्षणाला ५ टक्के घरचे घालावे लागतात. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. राहण्या-खाण्याचा खर्च कर्जात बसतो, पण कॉलेजच्या वसतिगृहाचा सोपा. बाहेरच्या खोलीसाठी करार आणि पावत्या दाखवाव्या लागतात. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं.

टेकडीवरून

पुढे जाऊ द्या हो पोरीला. एकदा घराबाहेर पडली की निम्मं शिक्षण तिथंच होतं.

हिशेबनीस

@टेकडीवरून, उरलेल्या निम्म्याची फी कोण भरणार ते पण लिहा.

कागदोपत्री

फीच्या बाबतीत भाचीची बाजू भक्कम आहे, पण ती कुठं प्रवेश घेते यावर अवलंबून. २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अटी दोन. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या म्हणजे मॅनेजमेंटच्या जागेला हे लागू नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत.

ही दुसरी अट पुण्याला जाणाऱ्यांना भोवते. पुण्यात गेल्या काही वर्षांत खासगी विद्यापीठं बरीच झाली आहेत, इमारती देखण्या, जाहिराती त्याहून देखण्या. तिथं प्रवेश घेतला की माफी गेली. आधीची बरीच कॉलेजं आता विद्यापीठ झालीत, तेव्हा जुन्या ओळखीच्या नावावर जाऊ नका. कॅपच्या यादीत संस्थेचा दर्जा काय लिहिलाय ते बघा.

माफी म्हणजे शून्य खर्च असंही नाही. विकास शुल्क, अनामत, विद्यापीठाचे किरकोळ आकार भरावेच लागतात. शुल्क नियामक प्राधिकरण जी फी ठरवतं त्यात वसतिगृह आणि मेस नसते. फीचा आकडा सांगणाऱ्याला 'यात काय काय आलं?' हे विचारून कागदावर घ्या.

माफीचा अर्ज महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) दरवर्षी नव्याने. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. जोडलेलं नसेल तर पैसे मंजूर होतात आणि अडकून बसतात.

बाहेर राहण्यासाठीच्या योजना घराबाहेर गेलं तरच मिळतात, हे भावाला सांगा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता ही तुमच्या उपयोगाची. तिच्या अटी आणि रक्कम महाडीबीटीवर आहेत. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, उत्पन्नमर्यादा अडीच लाख. मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलला वर ५,००० साहित्यासाठी. शासकीय वसतिगृह मिळालं असेल तर स्वाधार नाही. आणि घर व कॉलेज एकाच शहरात असेल तरीही नाही. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, दोन्हींचा साचा तसाच. म्हणजे अशा घरांत 'घरी राहिलं की स्वस्त' हा हिशेब हिशेबनीस मांडतात तितका सरळ राहत नाही.

रंकाळाकाठ

बापरे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. @पर्यायक्रम, बारावी लातूरची. दहावीनंतर दोन वर्षं तिकडेच होती. यानं काही फरक पडतो का? घर, रेशनकार्ड, डोमिसाइल सगळं कोल्हापूरचं आहे.

पर्यायक्रम

फरक? सगळा पट उलटला, ताई.

दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेल्यांचं गृह विद्यापीठ बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्या जागेवरून ठरतं, घरावरून नाही. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. म्हणजे कॅपच्या लेखी भाचीचं घर नांदेड विद्यापीठ. कोल्हापूर, सांगली, सातारा या शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यातल्या खासगी कॉलेजांत ती बाहेरची, आणि पुण्यातही बाहेरचीच. दोन्हीकडे तिच्यासाठी ओ अक्षराच्या ३० टक्के जागा.

इथंच घोळ होतो. शेजारच्या मुलीला गेल्या वर्षी ९२ला अमुक कॉलेज मिळालं, हे ऐकून माणसं निवांत राहतात. ती शेजारीण एचमधून गेलेली असते. आता मागच्या वर्षाची पीडीएफ परत उघडा आणि कोल्हापूर-पुण्याच्या खासगी कॉलेजांचे फक्त ओचे रकाने बघा. पर्सेंटाइलपेक्षा त्याच्या वर छापलेला गुणवत्ता क्रमांक धरा, कारण तेच पर्सेंटाइल वर्षागणिक वेगळ्या क्रमांकावर येतं. पहिल्या फेरीचा कटऑफ बघून घाबरू नका आणि शेवटच्या फेरीचा बघून हुरळू नका. दोन्ही लिहून घ्या.

चांगली बातमी म्हणजे एस अक्षर. शासकीय स्वायत्त आणि अनुदानित स्वायत्त संस्थांत जागा राज्यस्तरावर असतात, तिथं लातूर-कोल्हापूर भेद नाही. तुमच्या जवळ अशा दोन आहेत: सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय.

शिरोलीकर

बघा की, सगळे पुणे-कोल्हापूर करत बसलेत आणि मधलं सांगली-कराड कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

ब्रँचवरून बोलूया जरा. मेकॅनिकल, प्रॉडक्शन, मेटलर्जी असतं तर मी डोळे मिटून कोल्हापूर म्हटलं असतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित, या तीन एमआयडीसींत फाउंड्री आणि मशिनिंग इतकं आहे की तिसऱ्या वर्षापासून पोरगं सायकलवरून प्रोजेक्टला जाऊ शकतं. टेक्स्टाइल असेल तर इचलकरंजी, तिथं वस्त्रोद्योग दारात आणि डीकेटीईसारखी संस्थाही गावातच. अशा ब्रँचला पुण्यात जाऊन खोलीभाडं भरणं म्हणजे उसाच्या फडात राहून गूळ विकत आणणं.

कॉम्प्युटरचं तसं नाही. कोल्हापुरात आयटी कंपन्या आहेत, लहान-मध्यम, काम चांगलं शिकवतात. पण मोठी भरती हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात. कंपन्या कोल्हापूर-सांगलीला येतात किंवा पूल कॅम्पस (अनेक कॉलेजांची एकत्र भरती) घेतात, मग पोरं बसनं दुसऱ्या कॉलेजला जातात. गर्दी जास्त, डबा कमी. हे खोटं बोलून लपवायचं कशाला.

सदाशिव_पेठी

शिरोलीकरांनी कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या शहराला मान दिला, नोंद घेतली आहे.

पण पुणेकर म्हणूनच सावध करतो. नावात 'पुणे' असलेलं कॉलेज पुण्यात असतंच असं नाही. पत्त्यात तालुका वाचा: मावळ, मुळशी, खेड, हवेली, पुरंदर. शहरापासून पंचवीस किलोमीटर लांब माळावर बसून 'पुण्याच्या वातावरणाचा' लाभ होत नाही, फक्त पुण्याचं भाडं लागतं. ज्या मीटअप, स्पर्धा, अर्धवेळ इंटर्नशिपसाठी पुण्याला यायचं, त्या संध्याकाळी शहरात असतात. तिथून साडेनऊची शेवटची बस धरायची म्हटलं की सगळं गळतं.

आता कॉलेज तोलायचं कसं. फ्लेक्सवरचं 'सर्वोच्च पॅकेज' सोडून द्या, ते एका मुलाचं असतं. कॉलेजच्या संकेतस्थळावर एनआयआरएफ (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) असा दुवा शोधा, तळाशी कुठेतरी असतो. त्यात कॉलेजनं स्वतः भरून दिलेला तक्ता मिळतो: चार वर्षांच्या पदवीला किती प्रवेश झाले, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्य किती, उच्च शिक्षणाला किती गेले. मी तीन गोष्टी बघतो. प्रवेश घेतलेल्यांपैकी वेळेत पास किती. हे निम्म्याच्या आसपास असेल तर शिकवण्याची बोंब आहे. नोकरी लागलेल्यांना पास झालेल्यांनी भागून येणारा आकडा. कॉलेज जे टक्के छापतं ते 'प्लेसमेंटला नाव नोंदवलेल्यांपैकी' असतात. आणि पगाराचा मध्य, म्हणजे सगळे पगार ओळीनं लावले की मधोमध येणारा; सरासरी नव्हे.

हा तक्ता सगळ्या ब्रँचचा मिळून असतो, तेव्हा कॉम्प्युटरचे आकडे प्लेसमेंट विभागाला वेगळे विचारा. तिथं 'ऑफर किती' असं न विचारता 'किती मुलांना' असं विचारा. एकाच मुलाला तीन ऑफर आल्या की त्या तीन मोजल्या जातात.

नॅकचं मानांकन पूर्ण संस्थेचं असतं, एनबीएचं एकेका ब्रँचचं. कॉलेजला नॅकची चांगली श्रेणी आणि तुमच्या ब्रँचला एनबीए नाही, असं सर्रास असतं. भाचीला पुढे परदेशी जायचं असेल तर ब्रँचचं एनबीए बघाच.

मिरज_जंक्शन

जाऊन-येऊन करणाऱ्यांसाठी. कोल्हापूर ते सांगली साधारण ५० किलोमीटर, बसनं दीड तास, स्टँडवर थांबणं वेगळं. वालचंद विश्रामबागला आहे, म्हणजे सांगली आणि मिरजेच्या मध्ये. विश्रामबागला रेल्वे स्टेशन आहे, पण पुणे-मिरज मार्गावर. कोल्हापूरहून मिरजेमार्गे जाणारी आणि तिथं थांबणारी गाडी कॉलेजच्या वेळेला जुळते का, ते चालू वेळापत्रकात बघूनच ठरवा. पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वेत मोफत आहे. कॉलेजचा दाखला लागतो. एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा.

पैसे वाचतात, तास जातात. रोज तीन तास, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला तीस आठवडे: ४५० तास. शिवाय ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि प्रॅक्टिकल सकाळी पहिल्या तासाला लागलं की पावसाळ्यात वांधे होतात. पंचगंगेला पूर आला की रस्ते बंद, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगायचं.

माझं मत: एका बाजूला पाऊण तासाच्या आत असेल तरच रोज जा-ये. त्यापुढे खोली घ्या. सांगलीत, कराडात खोली-मेस पुण्याच्या मानानं बरीच स्वस्त पडते. कराड साधारण ७५ किलोमीटर, तिथं रोजची जा-ये मनातही आणू नका.

मेसचा_डबा

पुण्यात खोलीचं ठरलंच तर लक्षात ठेवायच्या गोष्टी. कॉलेजचं वसतिगृह प्रवेश पक्का झाल्यावर गुणवत्तेनं मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी फक्त पहिल्या वर्षाला. 'वसतिगृह आहे' आणि 'चारही वर्षं मिळतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. यादी लागेपर्यंतचे दोन-तीन आठवडे कुठं राहायचं ते आधी ठरवा, नाहीतर घाईत डिपॉझिट भरून नको ती खोली गळ्यात पडते.

बाहेरच्या पीजीत पैसे देण्याआधी चार प्रश्न: मध्येच सोडलं तर किती महिन्यांचं कापणार, वीज भाड्यात की मीटरप्रमाणे, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देणार, रात्री किती वाजता दार बंद. चारही उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी नको. फ्लॅट घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा. नोंदवणं कायद्यानं मालकाची जबाबदारी आहे आणि तोच कागद बँकेला, भत्त्याच्या अर्जाला लागतो. साध्या स्टॅम्पवरची नोटरी तिथं चालत नाही. कुणी भाड्यावर जीएसटी लावत असेल तर सांगा, सलग ९० दिवस राहणाऱ्याला महिना २०,०००पर्यंतच्या भाड्यावर जुलै २०२४पासून तो माफ आहे.

घरी येण्याजाण्याला एसटीत महिलांना अर्धं तिकीट. स्वारगेट-कोल्हापूर पाच तासांच्या आसपास, रस्त्याची कामं चालू असली तर जास्त. रेल्वेनं अंतर ३२६ किलोमीटर पडतं, म्हणून एसटी लवकर पोचवते.

नवखा_पालक

मध्येच विचारतो. पहिलं वर्ष घरी करून दुसऱ्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात बदली घेता येते ना? आमच्याकडे सगळे तेच म्हणतायत.

पर्यायक्रम

कागदावर येते. प्रत्यक्षात त्या कॉलेजात त्या ब्रँचला जागा रिकामी हवी, दोन्हीकडच्या संस्था-विद्यापीठांची संमती हवी आणि अभ्यासक्रम जुळायला हवा. बहुतेक चांगली कॉलेजं आता स्वायत्त आहेत, प्रत्येकाचे विषय आणि क्रेडिट वेगळे. न जुळलेले विषय दुसऱ्या वर्षाच्या डोक्यावर येऊन बसतात. ज्या कॉलेजात जावंसं वाटतं तिथं जागा रिकामी नसते, आणि जिथं असते तिथं जावंसं वाटत नाही. टीएफडब्ल्यूएसची (शिक्षण शुल्क माफीची) जागा असेल तर बदलीत ती सवलतही जाते.

मध्येच सोडायचंच असेल तर प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख पाठ करा. त्याआधी रद्द केलं तर १,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापून फी परत. तारीख उलटली की फक्त अनामत हाती येते.

शिरोलीकर

त्यापेक्षा दुसरी वाट आहे. बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत शेवटच्या वर्षाचं एक सत्र पूर्ण इंटर्नशिपला देता येतं. साडेतीन वर्षं इथं काढायची आणि शेवटचे सहा महिने पुण्यात कंपनीत. भाडं सहा महिन्यांचं, वर विद्यावेतन मिळालं तर तेही निघतं. प्रवेशाआधी एवढं विचारा: हे सत्र सगळ्यांना मिळतं की ठरावीक सीजीपीएच्या वर, आणि मागच्या वर्षी किती जण गेले.

आणि पदवीनंतर गेट देऊन एम.टेक.ला बाहेर पडलं तर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पहिल्यांदा घराबाहेर जायला आपण पैसे मोजायचे, दुसऱ्यांदा जाताना सरकार देतं.

वकिलीण

अवांतर: लॉ करणाऱ्यांसाठी गणित गेल्या वर्षीपासून बदललंय. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. उच्च न्यायालयातल्या इंटर्नशिपसाठी मुंबईत खोली घेण्याची गरज या भागातल्या मुलांना आता उरली नाही. बाकी चालू द्या.

टेकडीवरून

सगळे कोल्हापूर सोडून जायचं बोलतायत. १९०१ला शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, तेव्हा खेड्यापाड्यांतून पोरं इथं राहायला यायची. आजही इथं राहून शिकणारी कमी नाहीत. आपल्याला आपलं गाव दिसत नाही, एवढंच.

हिशेबनीस

@टेकडीवरून, कालच्या तुमच्या प्रतिसादाच्या बरोबर उलटं आहे हे, पण हे पटलं.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री भाऊ, वहिनी, भाची यांना एकत्र बसवून धागा वाचून दाखवला. ओचे कटऑफ काढले, पुण्यातल्या सात कॉलेजांचे एनआयआरएफ तक्ते काढले. सातांपैकी दोन खासगी विद्यापीठं निघाली, तिघांचा मध्य कोल्हापूरच्या कॉलेजपेक्षा फार वेगळा नव्हता. उरली दोन. भाऊ म्हणाला, या दोनांतलं कॉम्प्युटर मिळालं तर कर्ज काढतो, बाकी पुण्याला नाही. भाचीला मान्य.

यादी अशी केली आहे:

१. वालचंद, कॉम्प्युटर
२. पुण्याचं पहिलं, कॉम्प्युटर
३. वालचंद, आयटी
४. पुण्याचं दुसरं, कॉम्प्युटर
५. कराड शासकीय, आयटी
६. केआयटी कोल्हापूर, कॉम्प्युटर
७. केआयटी, कॉम्प्युटर, तेच पण शेवटी टी असलेला कोड
८. वालचंद, इलेक्ट्रॉनिक्स

पुढे इस्लामपूर, इचलकरंजी वगैरे आणखी चौदा. वालचंद झालं तर सांगलीत खोली, जा-ये नाही. काही चुकतंय का?

पर्यायक्रम

वरचे पाच उत्तम. वालचंद कॉम्प्युटर लागेलच असं नाही, पण वर ठेवायला काही पडत नाही.

सहा आणि सात उलटे करा. टीचा कोड म्हणजे टीएफडब्ल्यूएस, शिक्षण शुल्क माफीची जास्तीची ५ टक्के जागा. ब्रँच तीच, वर्ग तोच. तुमच्या क्रमात सहावा मिळाला की सातव्याकडे कुणी बघणारच नाही, म्हणजे टी कोड टाकून न टाकल्यासारखा. टी नेहमी त्याच ब्रँचच्या साध्या कोडच्या लगेच वर. मुलींची माफी महाडीबीटीवर दरवर्षी अर्ज करून मिळते, टीची सवलत जागेलाच चिकटलेली असते; दोन्ही शक्य असताना टी आधी. बाकी कॉलेजांचेही टी कोड असतील, तेही असेच वर घाला.

आणि आठवा नंबर भाचीला परत विचारा. वालचंदचं इलेक्ट्रॉनिक्स तिला केआयटीच्या कॉम्प्युटरपेक्षा खरंच खाली हवंय का? मागच्या वर्षीसारखे नियम असतील तर तिसऱ्या फेरीत पहिले सहा फ्रीज होतात, आणि सहाव्यावर सध्या केआयटी आहे.

रंकाळाकाठ

विचारलं. म्हणाली, कॉम्प्युटरच, घरी राहावं लागलं तरी चालेल. टी कोड सहावर घेतला, बाकीचेही शोधून घातले. उद्या सकाळी लॉक करतो.

कागदोपत्री

लॉक करण्याआधी प्रिंट काढा आणि कोड क्रमांक पीडीएफशी एकेक करून ताडून बघा, नावावरून नको. एकाच संस्थेची दोन कॉलेजं सारख्या नावाची असतात. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रेंगाळतं, तेव्हा दुपारच्या आत उरका.